धूर आपल्याच गाडीचा

(सहभागींच्या वार्षिक मेळाव्यात, सेवाकेंद्राची गाडी सांभाळणाऱ्या बंधूंनी केलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात दवाखान्याविषयी आणि वसतिगृहाविषयी सांगितले जाते. या वेळी समितीने मला गाडीविषयी बोलायला सांगितले. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्या डिझेलला, टायरला हातभार लावला आहे. तेव्हा तिचा हिशेब तुम्हाला मिळालाच पाहिजे.

आपली जीप २००८ सालची. डिझेल, फोर-व्हील-ड्राइव्ह, मागे कापडी हूड. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यात ती चालते. चांदसैलीचा घाट, त्यापुढे पाड्यांचे कच्चे रस्ते, पावसाळ्यात चिखल आणि ओढे. तिथून आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाईला खाली आणायचे तर चारही चाके ओढणारी गाडीच लागते. अशी नवी गाडी घ्यायची म्हणजे दहा लाखांच्या पुढची गोष्ट.

२०२३ मध्ये या जीपला पंधरा वर्षे पूर्ण झाली. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. तेव्हा फी पाच हजार रुपये होती, त्यावर पर्यावरण कर. त्यासाठी आधी पीयूसी हवी. आमचे घोडे तिथेच अडले.

डिझेल गाडीची ही चाचणी दिसायला साधी असते. इंजिन चांगले गरम करायचे, गिअर न्यूट्रलला, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायचा. असे काही वेळा करतात आणि धूर किती दाट आहे ते यंत्र मोजते. बीएस-चारच्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची आहे. आपला आकडा आला ८१.

मे महिना होता. पाऊस तोंडावर आलेला. मी तिथे उभा असताना एकजण जवळ आला आणि म्हणाला, "दादा, कशाला त्रास घेता? फोटो तुमच्या गाडीचा काढू, नळी दुसऱ्या गाडीला लावू. पाच मिनिटांत कागद हातात." खोटे कशाला बोलू, माझा हात खिशाकडे गेला होता. काम देवाचे, गाडी गरिबांची, कागद तेवढा खोटा. मनाला समजावणे फार सोपे असते. मी त्याला "उद्या सांगतो" म्हटले आणि घाट चढून परत आलो.

त्या दिवशी मागे एक पावरा आजी बसल्या होत्या, नातवाला दवाखान्यातून घरी नेत होत्या. नातवाला दम्याचा त्रास. कापडी हूडच्या गाडीत चढावर सायलेन्सरचा धूर मागच्या पडद्यातून आत ओढला जातो. पाड्यावर उतरताना आजी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, तुझ्या गाडीपेक्षा माझी चूल बरी."

मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक म्हटले आहे. आपण छातीच्या रुग्णाला औषधासाठी नेतो आणि दोन तास तोच धूर त्याला पाजतो. खोट्या मापाविषयी शास्त्र काय सांगते ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. धुराचे मापही मापच आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन शहाद्याला एका पंप-नोझलच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी अॅक्सिलरेटर दाबून धुराचा रंग पाहिला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, इंजिन खोलावे लागेल. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते किंवा पाणी आत जाते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. आपला धूर काळा होता. "देवाची कृपा समजा, इंजिन शाबूत आहे," मिस्त्री म्हणाला.

मग एअर फिल्टर काढला. घाटाची धूळ खाऊन तो विटेसारखा घट्ट झाला होता. मी दर महिन्याला झटकून पुन्हा बसवत होतो. नवा घेतला नव्हता, कारण पैसे वाचवायचे होते. नोझल तपासले तर चारांपैकी दोन फवारा मारण्याऐवजी थेंब टाकत होते. पावसाळ्यात आम्ही डिझेल कॅनमध्ये साठवतो, त्यात पाणी आणि गाळ जातो, त्याचा हा परिणाम. शेवटी पंप बेंचवर चढवला आणि मिस्त्रीने विचारले, "डिझेल कोणी वाढवले?"

मीच वाढवून घेतले होते. तीन वर्षांपूर्वी गाडी घाटात ओढत नव्हती, म्हणून एका गॅरेजात पंपाचा स्क्रू फिरवून घेतला होता. फिल्टर गच्च झाल्याने इंजिनाला श्वास मिळत नव्हता आणि मी त्याच्या तोंडात आणखी घास कोंबला. जे जळले नाही ते काळे होऊन मागे बसलेल्यांच्या छातीत गेले.

नवा एअर फिल्टर, नवा डिझेल फिल्टर, चार नोझल, पंपाचे कॅलिब्रेशन, टॅपेट सेटिंग आणि ऑइल बदल. मजुरीसह खर्च झाला १३,४०० रुपये. पावत्या कार्यालयात पाहायला मिळतील. गाडी चार दिवस उभी राहिली. त्या चार दिवसांत एका बाळंतिणीला झोळीत घालून खाली आणावे लागले. दोघे सुखरूप आहेत, पण हा हिशेबही तुमच्यापुढे ठेवलाच पाहिजे. वेळेवर शंभर-पाचशेचे काम केले असते, तर ते चार दिवस गेले नसते.

पुन्हा चाचणीला गेलो तेव्हा आधी तीस किलोमीटर गाडी चालवून नेली, कारण थंड इंजिन जास्त धूर टाकते. आकडा आला ४६. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढली. गाडी घाट पूर्वीपेक्षा चांगली चढते आणि लिटरला दीड किलोमीटर जास्त जाते. जो धूर आपण हवेत सोडत होतो, ते तुमच्या दानाचेच डिझेल होते.

आता आम्ही तीन नियम केले आहेत. एअर फिल्टर ठरल्या वेळी बदलायचा, झटकत बसायचे नाही. साठवलेले डिझेल गाळल्याशिवाय टाकीत घालायचे नाही. आणि दर सहा महिन्यांच्या पीयूसीचा आकडा गाडीच्या वहीत लिहायचा. आकडा वाढू लागला की गाडी मर्यादेत असतानाच मिस्त्रीकडे न्यायची. समितीने या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे. नव्या गाडीच्या देणगीइतकी ही रक्कम डोळ्यांत भरणार नाही, पण ती जपावी अशी माझी विनंती आहे.

गेल्या महिन्यात त्याच आजी पुन्हा गाडीत बसल्या, नातूही होता. उतरताना काही बोलल्या नाहीत. मीच विचारले, "आजी, धूर?"

त्या म्हणाल्या, "कसला धूर?"

मंडळी, मला मिळालेले सर्टिफिकेट ते. आरटीओचा कागद गाडीच्या कप्प्यात आहे. आपल्या प्रार्थनेत आमच्या घाटातल्या प्रवासाची आठवण ठेवा.