दोन दीनार आणि दहा हजार

(महोत्सवाच्या सभेंत आमच्या धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



दयाळू शोमरोन्याच्या दृष्टांतांतील एका गोष्टीकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. जखमी वाटसरूस उतारशाळेंत पोहोंचविल्यावर त्यानें तेथील रक्षकाच्या हातीं दोन दीनार ठेविले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन, असें सांगितलें. म्हणजे तो दयाळू तर होताच, पण हिशेबीही होता. पैसा कोणासाठीं आहे हें त्यानें सांगून ठेविलें होतें.

अशाच एका पैशाविषयीं आज बोलावयाचें आहे. 2005 सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालें, तेव्हां प्रत्येक गांवच्या आरोग्य समितीस वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधि देण्याचें ठरलें. गटार उपसावें कीं अडलेल्या बाळंतिणीस वाहन करून द्यावें, हें गांवानेंच ठरवावयाचें. रक्कम लहान, पण विचार थोर. धाकट्या संस्थेस जें साधतें तें थोरलीनें हिरावून घेऊं नये, हें तत्त्व पोप अकरावे पायस यांनीं 1931 सालींच आपल्या परिपत्रांत मांडलें होतें. पुढें पंधराव्या वित्त आयोगानेंही 2021 ते 2026 या काळासाठीं ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकीं 60 टक्के पाणी व स्वच्छता यांसाठीं राखून ठेविले.

परंतु सर्वांस सारखें वाटलें म्हणजे न्याय झाला, असें नव्हे. गांवठाणांतल्या माणसास दवाखाना चार पावलांवर असतो. केळीच्या बागेंत राहून राबणाऱ्या मजुरास तेथें जावयाचें तर दिवसाचा रोज बुडवावा लागतो. दोघांना एकच माप लावणें हा न्यायाचा केवळ देखावा होय.

आम्हां धर्मगुरूंचाही यांत दोष आहे. औषधाच्या गोळ्या वाटल्या कीं कर्तव्य संपलें, असें मीं पुष्कळ वर्षें मानीत आलों. एका विधवा बाईनें एकदां मला विचारलें, "फादर, गोळ्या तुम्ही देतां, पण ग्रामसभेची नोटीस आमच्या वस्तीवर कां लागत नाहीं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

उत्तर आपल्याच खानदेशानें दिलें आहे. 2007 सालीं महाराष्ट्रांतील ज्या पहिल्या पांच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांची देखरेख सुरू झाली, त्यांत नंदुरबार होता. तेथील आदिवासी गांवकऱ्यांनीं आरोग्यसेवेचें प्रगतिपुस्तक स्वतः भरलें आणि जनसुनवाईंत अधिकाऱ्यांस समोरासमोर प्रश्न विचारले. लिहितां येत नाहीं, ही सबब असोद्यांत तरी कोणीं सांगूं नये. बहिणाबाईंचें हें माहेर, आणि त्यांनाही अक्षरओळख नव्हती.

ग्रामसभेपूर्वीं महिलांची स्वतंत्र सभा भरविणें कायद्यानें आवश्यक आहे. भगिनींनीं तेथें एवढेंच विचारावें: गेल्या वर्षाचा निधि कोणत्या वस्तीवर खर्च झाला? पावत्या पाहावयास मागाव्या. त्यांत कोणाचा अपमान नाहीं.

2 ऑक्टोबरला मिस्साबलिदान सकाळीं साडेसहालाच होईल. त्यानंतर मीही तुमच्याबरोबर ग्रामसभेस येईन, आणि मागच्या ओळींत बसेन.