चित्रातला रंग आणि अर्जातली रिकामी ओळ

(वाशी इथे आदिवासी चित्रांच्या प्रदर्शनात शेवटच्या संध्याकाळी आमच्या गटाने केलेलं भाषण. गावोगावच्या साथींनी मागितलं म्हणून पत्रकात देत आहोत. पाड्यावर, ग्रामसभेत वाचून दाखवावं.)

जोहार!

डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाड्याहून आलेल्या बायांनो, भावांनो, आणि वाशीतल्या मित्रांनो,

आम्ही भाषण करणारी माणसं नाय. आमच्यातली काही बारावीपर्यंत शिकली, काहींची शाळा आधीच सुटली. दिवसा संघटनेचं काम, शेतीचं काम, आणि वेळ मिळेल तशी चित्रं. तीन दिवस आम्ही इथे चित्रं मांडून बसलो. आता सांगितलंय, चित्रांविषयी दोन शब्द बोला. पण आपल्या चित्राविषयी बोलायचं तर जमिनीविषयी आणि जंगलाविषयी बोलावंच लागतं. म्हणून तेच बोलतो.

आधी ही वाशी. डहाणूहून गाडीने दादर, मग कुर्ला, मग हार्बरने खाडी ओलांडून आम्ही इथे उतरलो. मोठ्या इमारती बघून आमच्यातली लहान पोरं विचारायला लागली, इथे आधी काय होतं? इथे भातशेती होती, मिठागरं होती, खाडीची मासेमारी होती. आगरी आणि कोळी लोकांची ही जमीन. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. म्हणजे जे मिळालं ते लढून मिळालं.

आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. आपल्या वारली लग्नात धवलेरी गाते. म्हणजे ही माणसं आपल्याला परकी नाहीत. त्यांची शेतं गेली तरी गाणं टिकलं, कारण गाणं गळ्यात असतं, कुठेही नेता येतं. आपलं चित्र तसं नाय. ते कशातून तयार होतं तेच बघा.

तीन दिवसांत लोकांनी सगळ्यात जास्त काय विचारलं? "हा रंग कुठल्या कंपनीचा?" एका ताईंनी चित्र निरखून सांगितलं, "हे तर मिक्स मीडिया आहे." आम्हाला शब्द नवा. त्यांनी समजावलं की एकाच चित्रात वेगवेगळ्या वस्तू, वेगवेगळे रंग वापरले की त्याला तसं म्हणतात. आमची एक काकी हसली. म्हणाली, "बाय, मंग आमचा सगळा घरच मिक्स हाये. कुडाला कारवी, कारवीवर माती, मातीवर शेण, शेणावर गेरू, गेरूवर तांदूळ."

काकी बरोबर बोलली. इथे टांगलेली चित्रं आम्ही अशी केली. मांजरपाट धुऊन त्याची खळ काढली आणि ताणून बांधला. शेण पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून कापडाला दिलं. वाळल्यावर गेरू. गेरू रात्रभर भिजवायचा, खडे बाजूला काढायचे, वरचा मऊ गाळ तेवढा घ्यायचा. तांदूळ भिजवून पाट्यावर बारीक वाटायचा आणि त्यात डिंकाचं पाणी मिसळायचं. डिंक कमी पडला तर कापडावरून पांढरा रंग पापडीसारखा सुटतो, जास्त झाला तर कापड घडी घालताना तडकतं. बांबूची बारीक काडी घेऊन टोक चावून चावून मऊ केलं की ती काडीच आपली कुंची.

आता हे कुठून आलं ते मोजा. तांदूळ शेतातला, म्हणजे ज्या प्लॉटसाठी आपण दावे टाकलेत त्यातला. गेरू टेकडीच्या उतारावरचा. डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. बांबू जंगलातला. शेण गुरांचं, आणि गुरं चरतात तेही जंगलातच. पाच वस्तू, आणि पाचही आपल्या जमीन-जंगलातल्या. ह्यातली एकही बंद झाली तर उरतो दुकानातला डबा आणि छापील चादर.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. आपल्या म्हाताऱ्यांच्या चउकात रंग मुख्य एकच, तांदळाचा पांढरा. कुठे हळदीचा, कुंकवाचा ठिपका. पिवळा, काळा, तपकिरी हे कापडावरचे आमचे नवे प्रयोग आहेत. ते हजार वर्षांचे आहेत असं गिऱ्हाइकाला सांगू नका. शिमग्याच्या आधी पळस फुलतो, त्याची फुलं उकळून तुरटी घातली की पिवळा-केशरी रंग येतो. हा रंग उन्हात उडतो, तेही सांगूनच विका. हिरडा कुटून उकळला आणि त्यात गंजलेल्या लोखंडाचं पाणी घातलं की काळा होतो. तो चांगला टिकतो. खोटं सांगून एकदा विकता येतं. खरं सांगितलं तर माणूस परत येतो.

ही कला बायांची आहे, हेही विसरू नका. लग्नाला भिंत लिंपून सवासिनी चउक काढत. चउकात पालघाट बसली नाही तर लग्न लागत नाय. १९७० च्या दशकात दुष्काळाच्या दिवसांत भास्कर कुलकर्णी आपल्या भागात आले, कागद आला, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा मशे ह्यांनी लग्नाच्या चउकाबाहेर जाऊन शेत, मासेमारी, तारपा, मुंग्या, झाडं असं सगळं जगणं चित्रात आणलं. १९७६ ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०११ ला पद्मश्री मिळाली. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. त्यांच्यामुळेच आम्ही आज वाशीत उभे आहोत. पण कागद आल्यावर खाली सही बहुतेक पुरुषाची झाली आणि तांदूळ वाटणारी, गेरू गाळणारी, चउक शिकवणारी बाय मागे राहिली. इथल्या आमच्या चित्रांच्या मागे सगळ्यांची नावं आहेत. कापड उलटून बघा.

आता त्या एका चित्राविषयी, ज्याच्यापुढे तुम्ही जास्त वेळ थांबलात. लावणीचं चित्र आहे, वर सूर्याची जागा मोकळी आहे. नुसता गोल, आत गेरू. एका पाहुण्यांनी खूप कौतुक केलं, म्हणाले की रिकामा सूर्य ठेवलाय, केवढा मोठा विचार आहे. आम्ही तेव्हा काही बोललो नाय. आता बोलतो.

तो विचार नव्हता. त्या सूर्यात पळसाचा पिवळा भरायचा होता. आमच्या दोन मावश्या फुलं आणि थोडा डिंक फडक्यात बांधून पाड्याकडे येत होत्या. नाक्यावरच्या माणसाने अडवलं. "पावती दाखवा." फुलाची पावती कुठे असते? मावशी म्हणाली, "फुला खाली पडलेली हायेत, झाडाला हात नाय लावला." त्याने गाठोडं ठेवून घेतलं आणि वर सांगितलं, पुन्हा दिसलात तर केस करीन. मावश्या रिकाम्या हाताने आल्या. त्या दिवसापासून त्या एकट्या रानात जात नाहीत. पळसाचा बहार संपला, चित्र तसंच वाशीला आलं.

मावश्यांनी चूक केली नव्हती. चूक आपली सगळ्यांची आहे, कारण त्यांच्या हातात द्यायला आपल्याकडे कागद नव्हता. कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू आहेत. आपण त्याच्याकडे फक्त प्लॉटचा कायदा म्हणून बघितलं. प्लॉट महत्त्वाचा आहेच, पोट त्याच्यावर आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आणखी हक्क आहेत. गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क आहे. निस्तार हक्क आहे. आणि जैवविविधता व संस्कृतीशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावाचा सामूहिक हक्क आहे. म्हणजे कुठल्या झाडाचा कुठला रंग, तो कसा काढायचा, हे जे आपल्या मावशीला माहीत आहे, त्याच्यावरचा हक्क.

सामूहिक दाव्याचा अर्ज म्हणजे नमुना ब. त्यात ह्या पारंपरिक ज्ञानासाठी वेगळी ओळ आहे. आमच्या गावाचा अर्ज आम्ही इथे येण्याआधी काढून बघितला. ती ओळ रिकामी. शेजारच्या पाड्यांचे बघितले. तिथेही रिकामी. वनोपजाच्या ओळीत "मोह, तेंदू, इत्यादी" एवढंच. त्या "इत्यादी"त आपला पळस गेला, डिंक गेला, हिरडा गेला.

म्हणून आम्ही सांगतो ते नीट ऐका आणि गावी जाऊन करा.

पहिलं. म्हाताऱ्या बायांना बसवून यादी करा. कुठलं झाड, त्याचं काय घेतो, कुठल्या महिन्यात, कुठल्या रानात, कशासाठी. फुलं, हिरडा, डिंक, बांबू, कारवी, तारप्याला लागणारं मेण, सगळं नावाने लिहा. इत्यादी लिहू नका.

दुसरं. गेरू आणि माती वनोपजात टाकू नका. कायद्यात गौण वनोपज म्हणजे वनस्पतीपासून मिळणारं. मातीसाठी निस्तार हक्काची किंवा इतर पारंपरिक हक्काची ओळ वापरा. नाहीतर अर्ज परत यायला निमित्त मिळेल.

तिसरं. पुरावा एकापेक्षा जास्त लागतो. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा पुरावा धरला जातो, पण तो दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा हवा. त्याच्या जोडीला गोळा करायच्या जागा, देवाची झाडं, जुने पाणवठे नकाशावर दाखवा. वनहक्क समितीला जागेवर नेऊन पाहणी करून घ्या. समितीत निदान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात, आणि त्या नुसत्या अंगठ्यापुरत्या नकोत. रंगाची माहिती त्यांनाच आहे.

चौथं. ग्रामसभेचा ठराव करून दावा उपविभागीय समितीकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पुढे जिल्हा समिती.

पाचवं, राखण. कलम ५ ने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. चित्रांना गिऱ्हाईक वाढलं म्हणून आपणच झाडं सोलली तर मागायला तोंड राहणार नाय. फुलं पडलेली घ्या, डिंकासाठी खोल घाव घालू नका, साल काढू नका. हा नियम बाहेरचा लादण्याआधी गावाने स्वतः करावा.

एक प्रश्न आम्ही सोडवून देत नाय, तुमच्यासमोर ठेवतो. पालघाटीचा चउक विकायचा का? आमची आया म्हणते, देवी लग्नाला येते, दिवाणखान्यात सजावटीला नाय. आमच्यातली काही पोरं म्हणतात, तेच चित्र जास्त खपतं आणि घर त्याच्यावर चालतं. दोघांचंही खरं आहे. आम्ही ह्या वेळी पालघाट आणली नाही, शेत आणि नाच आणले. पण हे एका गटाने ठरवायचं नसतं. गावाने बसून ठरवावं.

आणि शहरातल्या मित्रांना एवढंच. छापील चादर तीनशेला मिळते, मग तुमचं चित्र पंधराशेला का, असं तुम्ही विचारलंत. कारण चादरीवर आकार आपला आहे, पण त्यात आपलं शेत नाय, रान नाय, आणि पैशातला एक रुपया पाड्यावर येत नाय. चित्र घेतलंत तर आनंद आहे. पण आपल्या लोकांवर केस होते, मोर्चा निघतो, तेव्हाही आमच्याकडे बघा.

उद्या सकाळच्या गाडीने आम्ही परत निघतो. सूर्याचं चित्र विकलेलं नाय. एका सायबांनी मागितलं होतं, आम्ही नाही म्हटलं. ते गावी न्यायचंय. आधी अर्जातली ओळ भरू, मावश्यांच्या हातात ग्रामसभेचा कागद देऊ, आणि पुढच्या शिमग्याआधी त्या पळसाला जातील तेव्हा आपण सगळे त्यांच्याबरोबर जाऊ. मग त्या सूर्यात पिवळा भरू.

जोहार! जिंदाबाद!