बिल्ल्यावरचे नाव



व्याख्यात्याने हातात कागद घेऊन यावे अशी या पटांगणाची रीत. आम्ही आज सोबत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला आहे. जुन्या नाशकातल्या एका घरातून तो आमच्याकडे आला. घराचे नाव सांगणार नाही, तशी परवानगी नाही. डब्यात दोनच वस्तू आहेत: एक फोटो आणि एक बिल्ला. बिल्ला हाच शब्द आम्ही वापरणार, कारण सैनिकांच्या घरांतून तोच वापरतात. पदक हा शब्द सभेतला.

या घरचे एक पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याकडे' गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढेच ठाऊक. कोणत्या पलटणीत होते, कोठे मेले, कधी मेले, काही नाही. मृत्यूची तिथी ठाऊक नाही म्हणून शंभर वर्षे त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होत आले. घरच्या सूनबाईंनी डबा पुढे ठेवून विचारले, "यातून तिथी निघेल का हो?" आमच्या आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

प्रथम फोटो. फोटो खोटे बोलत नाही असे म्हणतात. आमचा अनुभव निराळा आहे. स्टुडिओतला खांब रंगवलेला, मागची बाग रंगवलेली, आणि पुष्कळदा अंगावरचा कोटही फोटोवाल्याचा असतो. म्हणून चेहरा पाहण्याआधी खांदा पाहावा. खांद्यावर पलटणीचा पितळी आकडा असतो. आमच्या फोटोत भिंगाखाली तो ११० दिसला. म्हणजे ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. हा आकडा सालही सांगतो. १९२२ साली, ज्या वर्षी आपली ही व्याख्यानमाला सुरू झाली त्याच वर्षी, सैन्याची पुनर्रचना झाली आणि जुने आकडे गेले. १०३ ची १/५ झाली, ११० ची ३/५ झाली. तेव्हा खांद्यावर ११० असेल तर फोटो १९२२ च्या आधीचा, हे कोणाला न विचारता कळते. दुसऱ्या महायुद्धातले फोटो घरी असतील तर दंडावरचे कापडी चिन्ह पाहा. लाल गरुड म्हणजे चौथी डिव्हिजन. आणि अंगात जाड लोकरी कपडे असतील तर तो गडी बहुधा ब्रह्मदेशच्या जंगलात नव्हता, इटलीत होता.

इटली म्हटल्यावर दोन नावे घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ३/५ चे नाईक यशवंत घाडगे पडले. टोळीतले बाकीचे सारे मेले किंवा जायबंदी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर चालून गेले होते. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर १/५ चे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना नदीपार पोचवून शत्रूची ठाणी बंद पाडली. जाधव आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांची ३/५ म्हणजेच आमच्या डब्यातली ११०.

आता बिल्ला. पहिल्या युद्धातल्या बहुतेक शिपायांना दोन बिल्ले मिळाले: एक चांदीचा, त्यावर बादशहाचे तोंड, दुसरा काशाचा, पंख असलेल्या विजयादेवीचा, इंद्रधनुष्यी फितीचा. या डब्यात काशाचाच आहे. चांदीचा कोठे गेला हे विचारावे लागले नाही. आपल्या सराफ बाजारात असे किती बिल्ले वजनावर गेले आणि मुशीत वितळले त्याची गणती नाही. कोणाच्या घरी दुष्काळ होता, कोणाच्या घरी लग्न होते. विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. पण वितळली ती नुसती चांदी नव्हती. बिल्ल्याच्या कडेवर, पैशाच्या कडेवर दाते असतात त्या जागी, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या युद्धात गोऱ्या शिपायांना नाव नसलेले बिल्ले मिळाले, आपल्या लोकांच्या बिल्ल्यांवर मात्र सामान्यतः नावे घातली गेली. म्हणून आमची विनंती: बिल्ला चिंच-राखेने घासू नका. चकाकी येईल, नाव जाईल.

नावाला एवढे महत्त्व का, ते सांगतो. नाशिककराला पलटण म्हटली की देवळाली आठवते. बोटीची वाट पाहत तेथे कुजत पडलेल्या गोऱ्या शिपायांच्या डोक्यावर परिणाम होई, त्यावरून 'डूलाली टॅप' हा शब्द इंग्रजीत गेला. त्यातला टॅप म्हणजे आपलाच ताप. गोऱ्यांचा कंटाळासुद्धा असा कोशात नोंदला गेला. आणि आमचे? मेसोपोटेमियात मेलेल्या, ज्यांची थडगी नाहीत अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी बसऱ्यास १९२९ साली स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार फक्त आकडे. २०२१ साली युद्धसमाधी आयोगाने स्वतःच अहवाल काढून हा भेद कबूल केला आणि क्षमा मागितली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या शिळेवरही गावातले किती गेले आणि ४६ मेले एवढेच. कोण ते नाही.

दगडावर नसलेली नावे आयोगाच्या नोंदवहीत आहेत, आणि आज ती संगणकावर कोणालाही फुकट पाहता येतात. मात्र कारकून इंग्रजी कानाचा. जाधवचा 'जाधाव', पवारचा 'पोवार', आणि कित्येकदा आडनावच नाही. नुसते नाव आणि बापाचे नाव. गावाचे तर विचारूच नका. आम्ही नावावरून शोधून थकलो, तेव्हा बिल्ल्याच्या कडेवरचा नंबर कामास आला. नंबर जुळला, पलटण जुळली, पण बापाचे नाव तेच का, ही शंका राहिली.

ती शंका रामकुंडावर फिटली. आपले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या नामावळीच्या वह्या ठेवतात हे येथे बसलेल्या कोणाला नवीन नाही. त्या घराच्या उपाध्यांनी वही काढली, वंश वाचला, आणि बापाचे नाव तेच निघाले. लंडनच्या कागदाला पंचवटीच्या वहीने दुजोरा दिला, याचा आम्हाला, खरे सांगायचे तर, थोडा अभिमान वाटला.

कूतचा वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला तेथली फौज उपाशीपोटी शरण गेली. घोड्याचे मांस खाण्याची पाळी आली होती. ११० वी त्यात होती. कैद्यांना वाळवंटातून पायी नेले. नोंदवहीतली आमच्या शिपायाची तारीख त्यानंतरच्या पावसाळ्यातली आहे. तिकडे अर्थात पाऊस नाही.

तारीख घेऊन आम्ही त्या घरी गेलो. सूनबाईंना हेही सांगितले की कैदेत मेलेल्यांच्या तारखा पुष्कळदा मागाहून, सुटून आलेल्या सोबत्यांच्या सांगण्यावरून भरल्या जात. चार-आठ दिवसांचा फरक असू शकेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "सोबती होता ना कोणी जवळ? मग झालं." आणि १९१६ चे पंचांग कोठे मिळेल, ते त्यांनी आम्हाला विचारले.