स्पीड भारी, तरी कॉल का तुटतो?

चिखली-मेहकरला घरी बसून पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू देणारे बरेच जण मला विचारतात: स्पीड टेस्टला 40 एमबीपीएस दिसतंय, मग आवाज का तुटतो? अहो, आवाजाच्या कॉलला एका बाजूला 100 केबीपीएसही पुरतात. पॅकेट वेळेवर पोचली पाहिजेत, बस. ती मागेपुढे पोचली की जिटर, हरवली की लॉस.

सिमवाला राउटर असेल तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा. पत्ता राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. रेंजच्या दांड्या मोजत बसू नका. आरएसआरपी बघा: उणे 80 झकास, उणे 110 म्हणजे काठावर. त्याहून महत्त्वाचा एसआयएनआर. तो शून्याजवळ असेल तर दांड्या भरलेल्या असूनही कॉल गडबडणार. मी तरी आधी तोच बघतो.

राउटर टीव्हीमागून काढून खिडकीत ठेवा, दोन मिनिटांनी आकडे पुन्हा वाचा. इंटरव्ह्यू सकाळी 11 ला असेल तर ही तपासणी आदल्या दिवशी 11 लाच करा, कारण टॉवरवरची गर्दी वेळेप्रमाणे बदलते. आणि हो, घरातल्या सगळ्या फोनचा फोटो बॅकअप तेवढ्यापुरता बंद ठेवा. अपलोड भरलं की समोरच्याचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचंच त्याला जात नाही.