घरची कालवड आणि तिचे पहिले वेत

परभणी जिल्ह्यातील दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला बहुधा एखादीच कालवड असते. तिला नाव असते, लेकरांच्या हातची भाकरी ती खाते, पोळ्याला बैलांबरोबर तिच्याही शिंगांना रंग लागतो. या मायेला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु तिचे पहिले वेत केव्हा आणि कोणत्या वळूचे, ही गोष्ट योगायोगावर सोडली जाते, हे मात्र चिंतेचे आहे. दहा गाईंच्या धन्याची एक गाय विताना अडली तर त्याचे नुकसान होते. एकाच गाईच्या धन्याचा गोठाच रिकामा होतो.

प्रथम वळूचा विचार. गावात देवाच्या नावाने सोडलेला पोळ असतो. तीन वर्षांपूर्वी कालवडीची आई त्याच्यापासूनच गाभण राहिलेली असते आणि आता लेकही त्याच्याचकडे जाते. असा जवळच्या रक्ताचा संबंध होत राहिला म्हणजे वासरे खुजी व अशक्त निपजतात, गाई वारंवार उलटतात आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. कृत्रिम रेतनाने हा धोका टळतो. अट एवढीच की, कांडीवरील वळूचा क्रमांक व जात मालकाने विचारून लिहून ठेवावी.

परभणीच्या आसपास देवणी आणि लाल कंधारी ही दोन नामांकित गोधने आहेत. या कालवडींना त्यांच्याच जातीच्या निवडक वळूचे रेतन करणे हिताचे. अधिक दुधाच्या आशेने लहान चणीच्या लाल कंधारी कालवडीला पहिल्याच वेताला होल्स्टीनचे रेतन केले, तर गर्भ मोठा होऊन ती अडण्याचा संभव असतो. होल्स्टीन आणि देवणी यांच्या संकरातून ‘होलदेव’ ही गाय परभणीच्याच कृषी विद्यापीठात निर्माण झाली, हे खरे. परंतु तिच्यामागे नोंदी, वैरण व देखरेख यांची जी तजवीज होती, ती कडब्यावर चालणाऱ्या गोठ्यात असतेच असे नाही.

पहिला माज दिसला की कालवड फळवण्याची घाई होते. ती करू नये. वयापेक्षा वजन महत्त्वाचे. त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गाईच्या साठ टक्के वजन भरल्यावरच रेतन करावे. संकरित कालवडीचे ते सुमारे २५० किलो धरतात. काटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यावी. घेराला घेराने, मग लांबीने गुणून ६६० ने भागावे. घेर ६० व लांबी ४८ इंच असल्यास वजन सुमारे २६२ किलो येते. सातवीच्या वर्गाला गणित म्हणून हे दिले, तर गावातील साऱ्या कालवडींची मापे आठवड्यात हाती येतील.

लाडाचा अतिरेकही नडतो. उरलेले अन्न व धान्य भरपूर मिळून लठ्ठ झालेली कालवड लवकर गाभण राहत नाही. तिला वैरणीसोबत थोडी पेंड व रोज क्षार मिश्रण द्यावे. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझच निघते; तिची तपासणी आधी करून घ्यावी.

माज दर २१ दिवसांच्या सुमारास येतो व १२ ते १८ तास टिकतो. हंबरणे, वारंवार लघवी, काचेसारखा स्वच्छ सोट ही लक्षणे. उन्हाळ्यात मुका माज फार, म्हणून पहाटे व रात्री पाहावे. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी, संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या सकाळी रेतन करावे. तीन वेळा उलटल्यास चौथी कांडी न भरता पशुवैद्यकाकडून गर्भाशयाची तपासणी करावी. न उलटल्यासही तीन महिन्यांनी गर्भतपासणी हवीच, कारण मुका माज फसवतो.

गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आंबोण वाढवावे आणि कासेवरून रोज हात फिरवावा. येथे मात्र घरची माया उपयोगी पडते. माणसाच्या हाताची सवय असलेली पहिलारू गाय धारेला सहसा लाथ मारत नाही. ग्रामपंचायतीने रेतनाच्या तारखांची वही ठेवल्यास विण्याचा अंदाजी दिवस प्रत्येक मालकाला आधी कळेल, आणि रात्री-अपरात्री पशुवैद्यकाला बोलावण्याची तयारीही आधीच करता येईल.