सज्ञान मुलाचा मानसिक आजार आणि ४० टक्क्यांचा कागद

तुमच्या घरात थोरला दादा किंवा ताई आहे, स्किझोफ्रेनिया नाहीतर बायपोलरचे उपचार कित्येक वर्षं चालू आहेत, नोकरी टिकत नाही, आणि आईबाबा आता थकत चाललेत. असं असेल तर आजचा भाग तुमच्यासाठी. कारण ऑनलाइन फॉर्म भरायची वेळ आली की मोबाइल तुमच्याच हातात देतात ना!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजारही आहे. ‘हातपाय तर धड आहेत, मग दिव्यांग कसा?’ असं कुणीतरी मामा-काका विचारणारच. विचारू देत.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. दादा सज्ञान आहे, त्यामुळे आधी त्याच्याशी बोला. त्याच्या पाठीमागे फॉर्म भरू नका.

आता खरी मेख. तिथे आजाराचं नाव मोजत नाहीत, रोजचं जगणं मोजतात. या मोजपट्टीला ‘आयडियाज’ म्हणतात. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ४ गुण. आजाराच्या काळाचे आणखी ४ पर्यंत. एकूण २०. सात गुण झाले की ४० टक्के, आणि बहुतेक सवलतींचं दार ४० लाच उघडतं. म्हणून सगळ्यात जुनं प्रिस्क्रिप्शन शोधा, पिवळं पडलेलं असलं तरी चालेल.

आणि इथेच आई घात करते. म्हणजे प्रेमापोटीच! त्या दिवशी ती दादाला इस्त्रीचा शर्ट घालते, भांग पाडते आणि डॉक्टरांना सांगते, ‘आंघोळ स्वतःची स्वतः करतो हो.’ करतो, पण तीन दिवसांनी, बादली भरून ठेवल्यावर आणि चार हाका मारल्यावर. डॉक्टरांना हे दुसरं वाक्य कळायला हवं. वाढवून काहीच सांगायचं नाही. पण वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर जे झाकत आलो, ते इथे झाकायचं नाही.

हे त्याच्यासमोर बोलणं जड जातं. त्यापेक्षा दोन आठवडे वहीत लिहा: किती वाजता उठला, गोळ्या कुणी दिल्या, दुकानातून सुटे पैसे नीट आणले का, कुणाशी बोलला. ती वही आधी दादाला दाखवा, मग डॉक्टरांना द्या. बऱ्याचदा तोच म्हणतो, ‘हे राहिलं, हेही लिही.’

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र पुष्कळदा ठरावीक मुदतीचंच मिळतं. संपायची तारीख बघा आणि तीन महिने आधीचा रिमाइंडर आत्ताच लावा.

कागद हातात आला की काय? महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २५०० रुपये आहेत. अर्ज तहसील कार्यालयात. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये, म्हणून पगारदार घरं इथेच गळतात. ही मर्यादा मला तरी हास्यास्पद वाटते. निरामय विमा योजना मात्र ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी आहे. नुसत्या मानसिक आजाराला ती लागू नाही, तिथे चकरा मारू नका.

पगारदार घरांसाठी मोठी गोष्ट वेगळीच आहे, कुटुंब निवृत्तिवेतन. आई किंवा बाबा केंद्राच्या किंवा राज्याच्या पेन्शनवाल्या नोकरीत असतील, तर त्यांच्या पश्चात मुलांना हे वेतन एरवी ठरावीक वयापर्यंतच मिळतं. केंद्रात ते वय २५. पण मानसिक आजारामुळे मूल कमावूच शकत नसेल, तर ते पुढे आयुष्यभर चालू राहू शकतं. त्याची नोंद आईबाबा हयात असताना होणं फार सोपं. नंतर हीच कागदपत्रं तुम्हाला एकट्याला गोळा करावी लागतात, आणि तेही दुःखाच्या दिवसांत.

तर आज जेवताना बाबांना विचारा, ऑफिसच्या कागदांत दादाचं नाव आहे का, आणि त्यापुढे आजाराची नोंद आहे का. उत्तर काय मिळालं ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!