सखल वनातील काळा अक्रोड



काश्मीरकडून येणारा अक्रोड मुलांनी पाहिलेला असतो. त्याचा एक भाऊबंद उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील वनांत वाढतो. त्यास काळा अक्रोड म्हणतात. लिनियसने 1753 साली त्याचे शास्त्रीय नाव नोंदविले. याचे फळ हातोड्यावाचून फुटत नाही. परंतु गडद तपकिरी लाकूड फार मोलाचे. 1914 ते 1918 च्या महायुद्धात बंदुकांचे दस्ते व विमानांचे पंखे यांसाठी ते वापरले गेले.

हा वृक्ष नदीकाठच्या सखल वनांत उत्तम वाढतो, असे सर्वत्र सांगितले जाते. हे विधान खरे आहे, पण अपुरे आहे. पूर ओसरताना नदी जाड रेती व पोयटा काठालगत टाकते, त्यामुळे तेथे किंचित उंचवटा होतो. बारीक चिकणमाती मात्र दूरच्या खोलगट भागात जाऊन बसते व तेथे पाणी साचते. दोन्ही जागा सखलच. परंतु उंचवट्यावर काळा अक्रोड 30 मीटर वा त्याहूनही उंच जातो, तर पाणथळ खोलगटीत तो खुरटतो. अल्पकाळचा पूर त्यास सोसतो, साचलेले पाणी सोसत नाही.

ही चूक मागाहून दुरुस्त करणे कठीण असते. रोप पहिल्याच वर्षी सोटमूळ खोल सोडते, म्हणून ते पुढे उपटून हलविता येत नाही. इमारती लाकूड हाती येण्यास तर 60 ते 80 वर्षे लागतात. जागा चुकली, तर एका पिढीचे श्रम वाया जातात आणि त्याची हानी पुढच्या पिढीस सोसावी लागते.

म्हणून जाणता लागवड करणारा प्रथम खड्डा खणतो. निदान 90 सेंटिमीटरपर्यंत भुसभुशीत माती लागली, तर जागा योग्य. मध्येच राखी रंगाचे डाग वा चिकणमातीचा घट्ट थर आढळल्यास ती जागा सोडावी.

बी शरद ऋतूत पेरतात. तीन-चार महिने थंड व ओलसर जमिनीत राहिल्यावरच ते वसंतात रुजते. खारी फळे पुरून ठेवतात; त्यांतील जी विसरली जातात, त्यांतूनही नवी रोपे उगवतात. रोपास भरपूर उजेड हवा. दाट सावलीत ते टिकत नाही. या वृक्षाच्या मुळांतून जुग्लोन नावाचे द्रव्य पसरते. त्याने टोमॅटोसारखी झाडे मरतात, म्हणून शेजारही पारखून निवडावा लागतो.

महाराष्ट्रातील शाळांत हा वृक्ष लावावयाचा नाही. त्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी रोप हाती देण्यापूर्वी मुलांकडून एक खड्डा खणवून घ्यावा, मातीचे थर मोजवून घ्यावेत, खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे पाहावयास सांगावे. जमीन पाहून मग झाड निवडावे, एवढे मुलांच्या मनावर बिंबले तरी त्या दिवसाचे सार्थक झाले.